घानाची नभोवाणी : दवंडी आणि पार

आमच्याकडे खेड्यात वार्ता पसरावयाचे दोन मार्ग पूर्वापार चालत आलेले आहेत. एक दवंडीचा आणि दुसरा पाराचा. दवंडी सरकारची. तिला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि टिपरी पडून "ऐका हो ऐका" अशी आरोळी उठली की ऐकल्यावाचून गत्यंतर नसते. पाराची तऱ्हा निराळी. तेथे एकाने सांगावे, दुसऱ्याने खोडून काढावे, तिसऱ्याने त्यात पदरची मीठमिरची घालावी, आणि दिवेलागणी होईपर्यंत एका बातमीचे चार अर्थ निघावे. (पार सर्वांस मोकळा होता असे मात्र कोणी समजू नये. दवंडी पिटणारालाच तेथे बसावयास जागा नसे, हे आम्ही विसरत नाही.) नभोवाणी नावाचे यंत्र विसाव्या शतकात घरोघर शिरले, तेव्हा त्याने या दोहोंपैकी कोणते कूळ सांगितले? इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांवरून या प्रश्नाचे उत्तर काढू गेल्यास फसगत होते. कारण तेथे वृत्तपत्रे, जाहीर सभा, लोकनियुक्त सभागृहे ही आधीच होती आणि नभोवाणी त्यांच्या पंक्तीस मागाहून येऊन बसली. जेथे राज्य परके, लिहितावाचता येणारे थोडे, आणि नभोवाणी आली ती राज्यकर्त्यांच्या हातची भेट म्हणून, असा देश घेतला म्हणजे या यंत्राचा स्वभाव अधिक स्वच्छ दिसतो. पश्चिम आफ्रिकेतील घाना हा असा देश आहे. 1957 पूर्वी त्यास गोल्ड कोस्ट म्हणत.

त्या देशाची राजधानी अक्रा. तेथे 31 जुलै 1935 या दिवशी सुमारे 300 घरांतून ठेवलेल्या पेट्या एकाच वेळी बोलू लागल्या. आज आपण ज्यास रेडिओ म्हणतो तसे या पेट्यांचे नव्हते. लंडनहून बी.बी.सी.ची साम्राज्यसेवा 1932 च्या डिसेंबरपासून लघुलहरींवर सुरू झाली होती. ती अक्रा येथील केंद्रात एका मोठ्या ग्राहकयंत्रावर पकडावयाची आणि तेथून टेलिफोनसारख्या तारांनी वर्गणीदारांच्या घरी पोहोचवावयाची, अशी ही योजना. वर्गणीदाराने दरमहा भाडे भरावे आणि केंद्राने जे पाठविले ते ऐकावे. दुसरे केंद्र लावून पाहण्याची सोयच त्या पेटीत नव्हती. आमच्या मते या इतिहासातील ही सर्वांत बोलकी गोष्ट होय. यंत्राच्या घडणीतच त्याचे राजकारण होते. केंद्राला 'झेड ओ वाय' असे तीन अक्षरांचे नाव मिळाले होते आणि घरोघरी गेलेल्या तारांचे मूळ टोक सरकारच्या हाती होते.

हे घडवून आणणारे गव्हर्नर सर अर्नोल्ड हॉडसन हे गृहस्थ मोठे हौशी होते. नाटकाचा त्यांना नाद असे, आणि त्यांच्या आनंदी वृत्तीमुळे लोकांनी त्यांना 'सूर्यप्रकाशाचे गव्हर्नर' अशा अर्थाचे नाव दिले होते. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर ते गव्हर्नर असताना तेथील चिमुकल्या वस्तीत तारेवरची नभोवाणी सुरू झाली. पुढे ते सिएरा लिओन येथे गेले तेव्हा 1934 साली फ्रीटाउन शहरात तोच प्रयोग झाला, आणि त्याच वर्षी गोल्ड कोस्टला बदली होताच त्यांनी तो अक्रा येथे नेला. अक्रानंतर चार-पाच महिन्यांनी, 1935 च्या डिसेंबरात, नायजेरियातील लागोस शहरातही तारा पसरल्या. बातमी, करमणूक आणि संगीत सर्वांच्या घरी जावे, एकाकीपणा आणि अज्ञान यांच्या भिंती पडाव्या, असा हेतू हॉडसनसाहेबांनी बोलून दाखविला होता. तो खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'सर्वांची घरे' म्हणजे आरंभी तीनशे घरे, आणि त्यांत बहुतेक गोरे अधिकारी व इंग्रजी शिकलेले थोडे आफ्रिकन. भाषा अर्थातच इंग्रजी.

याच सुमारास त्या देशात दुसरे काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. नाही तर हौशी गव्हर्नर आणि बोलकी पेटी हे चित्र फारच गोजिरवाणे दिसेल. 1934 साली गोल्ड कोस्टच्या सरकारने राजद्रोहाचा कायदा कडक केला. त्याविरुद्ध लोकांची शिष्टमंडळे लंडनपर्यंत गेली. उपयोग झाला नाही. अक्रा येथे 'आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट' हे दैनिक निघत असे. पुढे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले न्नाम्दी अझिकिवे हे त्याचे संपादक. 1936 साली त्यात आय. टी. ए. वॉलेस-जॉन्सन या कामगार पुढाऱ्याचा एक लेख आला, आणि लेखक व संपादक दोघांवरही राजद्रोहाचा खटला झाला. अझिकिवे अपिलात सुटले. वॉलेस-जॉन्सन यांचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले आणि तेथे फेटाळले गेले. टिळकांचे 1897 व 1908 चे खटले ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले त्या मराठी वाचकांस या प्रकाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. एक धागा मात्र सांगण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यातील सदाशिव नारायण भालेराव यांच्यावरील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलाने 1947 साली निकाल दिला, तेव्हा टिळकांच्या खटल्याबरोबरच या वॉलेस-जॉन्सन खटल्याचाही आधार घेतला होता. साम्राज्यात एका टोकाला मारलेली गाठ दुसऱ्या टोकाला अशी काचत असे.

तेव्हा एका हाताने छापखान्याचे तोंड दाबावयाचे आणि दुसऱ्या हाताने घरोघर बोलकी पेटी वाटावयाची, ही दोन कामे एकाच सरकारने दोन वर्षांच्या आत केली. त्यांचा परस्परांशी संबंध योजून ठेवलेला होता असे दाखविणारा पुरावा आमच्याजवळ नाही, आणि तसा असण्याची जरूरही नाही. राज्यकर्त्याला स्वतःचा आवाज गोड वाटतो आणि दुसऱ्याचा कर्कश. एवढ्यावरून दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

पुढील तीन-चार वर्षांत केप कोस्ट, सेकोंडी, कुमासी, कोफोरिदुआ वगैरे शहरांतही तारा गेल्या. पण पेटीची भाषा बदलली ती महायुद्धामुळे. 1939 साली युद्ध सुरू झाले आणि सरकारला एकाएकी प्रजेची गरज भासू लागली. सैन्यात माणसे हवी होती, कोको व खनिजे हवी होती, अफवा बंद पडावयास हव्या होत्या. आणि हे सारे इंग्रजीतून होणे शक्य नव्हते. म्हणून फांटी, ट्वी, गा आणि एवे या भाषांतून बातम्या सांगण्यास आरंभ झाला. काही काळाने उत्तरेकडील लोकांसाठी हौसाचीही भर पडली. प्रजेची भाषा नभोवाणीत आली ती प्रजेने मागितली म्हणून नव्हे. सरकारला ऐकवावयाचे होते म्हणून. परंतु भाषा ही अशी वस्तू आहे की ती एकदा दारातून आत आली म्हणजे ज्या कामासाठी बोलाविली तेवढेच करून परत जात नाही. आकन भाषेत रेडिओला 'अकासानोमा' म्हणतात. त्याचा अर्थ बोलणारा पक्षी. साहेबाच्या पेटीला लोकांनी आपल्या भाषेत पंख दिले!

1940 साली अक्रा येथे नभोवाणीची स्वतंत्र इमारत झाली आणि लहानसा का होईना, 1.3 किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक बसला. आता आवाज तारेवाचूनही जाऊ लागला. याला कारणही युद्धच. फ्रान्स पडल्यावर गोल्ड कोस्टच्या तिन्ही बाजूंचे फ्रेंच मुलूख व्हिशी सरकारच्या पक्षाला गेले होते. तेथील लोकांना फ्रेंचमधून आपली बाजू ऐकवणे इंग्रजांना अगत्याचे झाले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिची पुनरावृत्ती अगदी निराळ्या माणसाच्या हातून व्हावयाची आहे.

युद्ध संपले. ब्रह्मदेशच्या रानांत जपान्यांशी लढलेले पश्चिम आफ्रिकेचे शिपाई घरी परतले, आणि त्यांना देऊ केलेली कामे व पेन्शने हवेतच राहिली. 28 फेब्रुवारी 1948 रोजी अशा माजी सैनिकांचा एक मोर्चा आपले गाऱ्हाणे घेऊन गव्हर्नरच्या वाड्याकडे निघाला असता त्यावर गोळीबार झाला. तिघे मेले, आणि अक्रा शहर पेटले. या दंग्यांनी सरकारची झोप उडविली. 1949 साली बी.बी.सी.चे एक अभियंते टर्नर आणि गोल्ड कोस्टच्या नभोवाणीतील अभियंते बायरन यांनी पश्चिम आफ्रिकेच्या चारही ब्रिटिश वसाहतींत फिरून नभोवाणीची पाहणी केली, आणि ती सार्वजनिक सेवा म्हणून वाढवावी अशी शिफारस केली. 1954 साली गोल्ड कोस्टची नभोवाणी माहिती खात्यापासून तोडून तिचे स्वतंत्र खाते करण्यात आले. खाते सरकारीच, पण बी.बी.सी.हून माणसे आली, आणि त्यांच्याबरोबर 'सार्वजनिक' या शब्दाचा बी.बी.सी.त चालणारा अर्थही थोडाफार आला.

अशा आलेल्या माणसांपैकी हेन्री स्वान्झी यांच्याविषयी चार शब्द अधिक लिहिणे या मासिकाच्या वाचकांस आवडेल अशी आमची खात्री आहे. स्वान्झी हे आयरिश. बी.बी.सी.वर वेस्ट इंडीजच्या लेखकांसाठी चालणारा 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा कार्यक्रम त्यांनी बरीच वर्षे सांभाळला होता, आणि त्या बेटांतील कित्येक नवे लेखक त्यातून प्रथम जगापुढे आले. 1954 साली ते अक्रा येथे कार्यक्रमप्रमुख म्हणून आले आणि तोच प्रयोग त्यांनी येथे केला. 'द सिंगिंग नेट' या नावाने आठवड्याला थोडा वेळ त्यांनी केवळ या देशातील लेखनासाठी राखून ठेवला. लोकांनी कविता, गोष्टी, नाटुकली धाडावी. निवडक नभोवाणीवर वाचावी. जेथे वाङ्मयीन मासिके जवळजवळ नव्हती आणि प्रकाशक तर नव्हतेच, तेथे नभोवाणी हेच मासिक झाले. 1958 साली यातील निवडक साहित्य 'व्हॉइसेस ऑफ घाना' या नावाने पुस्तकरूपाने निघाले. क्वेसी ब्रू, फ्रँक पार्क्स, एफुआ सदरलंड, संगीतशास्त्रज्ञ क्वाबेना न्केतिया हे पुढे नावाजलेले लोक या पुस्तकात भेटतात. मूळ आफ्रिकन भाषांतील रचनाही इंग्रजी भाषांतरांसह त्यात आल्या.

एका परदेशी माणसाने, परक्या सरकारच्या खात्यात बसून, देशी वाङ्मयाचे अंगण झाडून द्यावे, हा योग चमत्कारिक खरा. तरीही आमच्या मते नव्वद वर्षांच्या या इतिहासात दवंडीच्या यंत्राचा प्रथमच पार झाला तो येथे. तारेच्या दुसऱ्या टोकाचा माणूस प्रथमच बोलला, आणि तोही राजकारण नव्हे, कविता! मोठमोठ्या आयोगांनी जे केले नाही ते एका संपादकाने आठवड्यातल्या थोड्याशा वेळात केले. संपादकवर्गाविषयी आम्हास थोडा पक्षपात असेल. वाचकांनी तो वजा करून घ्यावा.

6 मार्च 1957 रोजी गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला आणि घाना हे नाव धारण करता झाला. नभोवाणीवर बातम्यांपूर्वी आता ढोल वाजू लागला. हा ढोल म्हणजे आकन लोकांचा 'अतुम्पान'. उंच आणि खर्ज अशा दोन स्वरांची ढोलांची जोडी. आकन भाषेत स्वराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. त्यामुळे कसबी ढोलकऱ्याला या दोन स्वरांवर वाक्यच्या वाक्य बोलता येते, आणि जाणत्याला ते कळते. राजेलोकांच्या पदरी असे ढोल व ढोलकरी असत. नभोवाणीवरील ढोल बोले तो असा : 'घाना मोन्तिये'. म्हणजे, घाना, ऐका हो. आमच्या दवंडीची आरोळीच ती, शब्दशः! स्वतंत्र देशाने आपल्या नभोवाणीला परक्यांच्या बिगुलाऐवजी घरचा ढोल दिला हे योग्यच झाले. मात्र तो ढोल राजाचा होता हे विसरू नये.

राजाही मिळाला. क्वामे एन्क्रुमा यांना नभोवाणीचे सामर्थ्य हॉडसनसाहेबांपेक्षा कितीतरी अधिक उमगले होते. 1961 साली घानाची परदेशसेवा सुरू झाली. तेमा बंदराजवळच्या शक्तिमान प्रक्षेपकांवरून इंग्रजी, फ्रेंच, हौसा, पोर्तुगीज, स्वाहिली, अरबी अशा भाषांतून पारतंत्र्यातील आफ्रिकेला हाक जाऊ लागली. वीस वर्षांपूर्वी ज्या अक्राहून इंग्रजांनी फ्रेंच वसाहतींना फ्रेंचमधून फितविले, त्याच अक्राहून आता सर्वच साम्राज्यांविरुद्ध तोच उद्योग सुरू झाला. यात काव्यमय न्याय आहे. परंतु बाहेर स्वातंत्र्याची हाक देणारी ही नभोवाणी घरात मात्र एकाच पक्षाची होत गेली. 1958 साली विनाचौकशी अटकेचा कायदा झाला होता. 1964 साली विरोधी पक्षच बेकायदा ठरले. 31 जुलै 1965 रोजी, म्हणजे हॉडसनसाहेबांच्या पेटीला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, एन्क्रुमांनी दूरचित्रवाणीचे उद्घाटन केले. अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांच्या विधवा पत्नी शर्ली ग्रॅहम डुबॉय या तिच्या पहिल्या संचालिका. हे यंत्र बाजारी करमणुकीसाठी नसून शिक्षणासाठी आहे, असे एन्क्रुमांनी त्या वेळी बजावले. हेतू पुन्हा उदात्त; तारेचे टोक पुन्हा एकाच हाती.

याच काळातील एक लहानसा प्रयोग मोठ्या घडामोडींखाली झाकून गेला आहे. तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचा पूर्वज तर आमच्याच पुण्यातला. 1956 च्या आरंभी, आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांसाठी, आठवड्यातून दोनदा अर्धा तास असे दहा आठवडे मराठीत कार्यक्रम केले. प्रत्येक गावी पंधरा-वीस माणसांचे श्रोतृमंडळ बसावे, कार्यक्रम ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करावी, आणि चिटणीसाने गावचे प्रश्न पुणे केंद्राकडे लिहून धाडावे. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळावी, अशी ती रचना होती. मूळ कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने या प्रयोगाची मोजदाद केली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान नुसता रेडिओ असलेल्या किंवा मुळीच नसलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे वाढल्याचे दिसून आले. हाच प्रयोग 1964-65 मध्ये युनेस्को व कॅनडा यांच्या साहाय्याने घानातील खेड्यांत, आकन भाषेतून झाला आणि कॅनडाच्या हेलन एबेल यांनी त्याचा अहवाल लिहिला. ऐकणाराने ऐकून उठून जाऊ नये, बोलावे आणि विचारावे, एवढेच यातले नवे. पण नगर-नाशिकच्या खेडुताने पुण्यास पाठविलेला प्रश्न आणि घानातील खेडुताने अक्रा येथे पाठविलेला प्रश्न हे एकाच घराण्याचे आहेत, याचा आनंद आम्ही का लपवावा?

अशी मंडळे वाढती, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा होता. तो झाला मात्र असा. 24 फेब्रुवारी 1966 रोजी पहाटे, एन्क्रुमा हनोईच्या वाटेवर चीनकडे गेलेले असताना, लष्कराने व पोलिसांनी राज्य घेतले, आणि कर्नल इमॅन्युएल कोटोका यांनी ते नभोवाणीवरून जाहीर केले. पदच्युत एन्क्रुमा गिनीत आश्रयास गेले आणि कोनाक्री येथील नभोवाणीवरून घानाच्या लोकांस उद्देशून बोलत राहिले. ज्याने आफ्रिकाभर आवाज पोहोचविला त्याला स्वदेशी बोलावयास परदेशीचा ध्वनिक्षेपक उसना घ्यावा लागला! 17 एप्रिल 1967 रोजी लेफ्टनंट आर्थर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने थोड्याशा शिपायांनिशी अक्रा येथील नभोवाणी-भवन ताब्यात घेऊन नवे राज्य जाहीर केले. काही तासांतच ते बंड मोडले, पण त्यात कोटोका ठार झाले. आर्थर आणि त्याचा साथी येबोआ यांना मे महिन्यात जाहीर रीतीने गोळ्या घालण्यात आल्या. 13 जानेवारी 1972 रोजी कर्नल अचाम्पाँग यांनी बुसिया यांचे लोकनियुक्त सरकार असेच नभोवाणीवरून घरी बसविले.

4 जून 1979 चा दिवस तर विलक्षण. आधीच्या महिन्यात फसलेल्या बंडाबद्दल ज्याच्यावर खटला चालू होता तो विमानदलातील तरुण अधिकारी जेरी रॉलिंग्ज याला शिपायांनी कोठडीतून काढले आणि थेट नभोवाणी-भवनात नेले. त्याने घोषणा केली. मग सेनापती ओडार्टे-वेलिंग्टन यांच्या बाजूने प्रतिघोषणा झाली की बंड मोडले आहे. मग पुन्हा बंडवाल्यांचा आवाज. एकाच दिवसात एकाच पेटीतून दोन राज्ये एकमेकांस रद्द करीत होती, आणि घराघरांत लोक ऐकत बसले होते. संध्याकाळच्या आत ओडार्टे-वेलिंग्टन लढताना पडले आणि प्रश्न मिटला. रॉलिंग्ज यांनी सत्ता निवडणुकीनंतर सोडली खरी. पण 31 डिसेंबर 1981 रोजी ते याच वाटेने पुन्हा आले.

बंडखोर प्रथम नभोवाणीकडेच का धावतात? केवळ बातमी सांगावयाची म्हणून नव्हे. जेथे सर्व तारा एका टोकाला बांधलेल्या आहेत तेथे ते टोक ज्याच्या मुठीत तोच सरकार, असे लोकांना पन्नास वर्षे शिकविलेले होते. दवंडी पिटणारा बदलला की राजा बदलला असे गावकरी समजतात, तसेच हे. या काळात कायद्याने नभोवाणीचे रूप सुधारले नव्हते असे नाही. 1968 साली तिचे खाते मोडून महामंडळ करण्यात आले. पण महामंडळाच्या दारातही पहारा शिपायांचाच राहिला.

पालट झाला तो 1992 च्या राज्यघटनेने. तिचे बारावे प्रकरण संपूर्णपणे प्रसारमाध्यमांच्या स्वातंत्र्याला वाहिलेले आहे. त्यात पूर्वतपासणीस बंदी केली आहे, आणि 163 व्या कलमाने सरकारी मालकीच्या माध्यमांवर भिन्न व विरोधी मतांना योग्य संधी देण्याचे बंधन घातले आहे. शब्द सुंदर होते. परीक्षा लगेच झाली. 1993 च्या अर्थसंकल्पानंतर अर्थमंत्र्यांना नभोवाणी-दूरचित्रवाणीवर आपली बाजू मांडण्यास वेळ मिळाला. न्यू पॅट्रिऑटिक पार्टी या विरोधी पक्षाने तितकाच वेळ मागितला आणि महामंडळाने तो नाकारला. या पक्षाने आधीच्या पार्लमेंटच्या निवडणुकीवर बहिष्कार घातल्यामुळे सभागृहात त्याचा एकही सभासद नव्हता. तेव्हा नभोवाणी बंद म्हणजे तोंडच बंद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 30 नोव्हेंबर 1993 रोजी न्यायालयाने विरोधकांच्या बाजूने निकाल दिला. सरकारच्या मालकीची नभोवाणी ही सरकारपक्षाची नव्हे, असा त्याचा आशय. अट्ठावन्न वर्षांत हे वाक्य त्या देशात अधिकाराने प्रथमच उच्चारले गेले. आमच्या दृष्टीने सार्वजनिक नभोवाणीचा घानातील जन्मदिवस 31 जुलै नसून हा 30 नोव्हेंबर होय. त्याच वर्षी राष्ट्रीय माध्यम आयोग नेमला गेला आणि महामंडळाचे संचालक नेमण्याचे काम सरकारकडून त्याच्याकडे गेले.

खासगी केंद्रांना मात्र सरकार परवानगी देईना. तेव्हा 1994 च्या अखेरीस चार्ल्स वेरेको-ब्रॉबी यांनी 'रेडिओ आय' हे केंद्र परवान्यावाचून चालू केले. पोलिसांनी छापा घालून यंत्रे नेली, निदर्शने झाली, आणि पुढच्याच वर्षी परवाने मिळू लागले. 1995 मध्ये 'जॉय एफ. एम.' निघाले; ते इंग्रजी. 1999 मध्ये 'पीस एफ. एम.' आले ते प्रामुख्याने आकन भाषेत, आणि त्याने जुना अनुभव पुन्हा खरा केला. पेटी लोकांच्या भाषेत बोलू लागली की श्रोते तीनशेचे लाखो होतात. रिक्षा-टॅक्सीपासून केशकर्तनालयापर्यंत सकाळच्या चर्चा ऐकू येऊ लागल्या. टेलिफोन करून कोणीही मंत्र्याला जाब विचारू लागला. पार भरला.

भरलेल्या पारावर शिवीगाळही होते. 2016 साली अक्रा येथील एका खासगी केंद्रावरील चर्चेत न्यायाधीशांना धमक्या दिल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने तिघांना बेअदबीबद्दल चार महिन्यांची कैद फर्मावली, आणि राष्ट्राध्यक्ष महामा यांनी महिन्याभरात ती माफ केली. केंद्राचे नाव 'मोन्तिये'. राजाच्या ढोलावरचा शब्द आता कोणाच्याही पाटीवर लागू लागला आहे.

या गर्दीत जुने महामंडळ उभे आहे. प्रांतोप्रांती त्याची स्वतःची केंद्रे आहेत आणि व्यापाऱ्यास परवडणार नाहीत अशा लहान भाषांतूनही ती बोलतात. उत्तरेस बोल्गाटांगा येथील 'उरा रेडिओ' हे त्यांतलेच. आमच्या मते सार्वजनिक नभोवाणीचे खरे काम हेच. पण त्याचा खर्च कोणी सोसावा? 1967 पासून जाहिराती घेण्यास सुरुवात झाली, तेव्हाच एन्क्रुमांचे बजावणे मागे पडले होते. दूरचित्रवाणीचा परवाना-कर नावापुरता उरला होता. 2015 साली तो घरातील एका संचाला वर्षाकाठी 36 सेडी असा ठरला. लोक भरीनात, म्हणून 2018 च्या आरंभी न भरणारांसाठी खास न्यायालये नेमण्याची घोषणा झाली. तिच्यावर जो ओरडा झाला तो मुख्यतः त्या खासगी केंद्रांच्या सकाळच्या चर्चांतूनच झाला : जे केंद्र आम्ही लावीतच नाही त्याचे भाडे आम्ही का द्यावे? 1935 च्या पेटीपुढे बसलेल्या वर्गणीदारास हा प्रश्न सुचणे शक्यच नव्हते. त्याच्याजवळ लावावयास दुसरे केंद्र नव्हते.